तीन हजार आठशे बारा भुंगे

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (समोर असले की तुम्ही "राहू दे, कंबर धरेल" म्हणून मध्येच उठवता, म्हणून आज कागदावर पुरती वाकून घेते.) भावोजींचा खोकला कसा आहे? काढा देत असाल तर त्यात साखर घालू नका, साखरेने कफ वाढतो आणि साखर उगाच जाते. तुमची झोप, सूनबाईंचं डोकं, नवी गाय, सगळं ठीक असेलच. देवाची तुमच्या घरावर नजर आहे हे मी नेहमी पाहते, आणि कधी कधी त्याला सांगतेही की थोडी इकडे वळव. खरं तर फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन आला की भावोजी तो मोठ्या आवाजावर लावून मधल्या खोलीत ठेवतात आणि अख्खं घर जेवता जेवता ऐकतं. हे पत्र एकटीने वाचायचं आहे. दार लावून घ्या, चष्मा शोधा, आणि मधूनच शेवटचं पान उघडू नका. क्रमाने वाचलंत तरच माझी बाजू कळेल.

इकडे आम्ही ठीक. तुमच्या बंधूंच्या हातांवर आणि मानेवर जे उठलं होतं ते आता बसलं आहे. डॉक्टर म्हणाले, ही गाजरगवताची ॲलर्जी. मी म्हटलं, डॉक्टर, हे मला आमच्या बांधाने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पहिलं झाड आमच्या फाटकापाशी आलं ते रस्त्याच्या खडीबरोबर. पानं गाजरासारखी, वर पांढरी बारीक फुलं, दिसायला इतकं गोजिरवाणं की तुमच्या बंधूंनी त्याला तांब्याभर पाणी घातलं होतं. (हे ते आता कबूल करत नाहीत. पण मी स्वतः पाहिलं आहे, आणि वाया गेलेलं पाणी मी विसरत नाही.) पुढच्या वर्षी बांध गेला, मग विहिरीकडची पट्टी गेली, मग कुंपण ओलांडून ते गायरानात शिरलं आणि ओढ्याच्या काठाकाठाने थेट जंगलाच्या हद्दीला जाऊन टेकलं. एकेका झाडाला हजारांनी बिया. गाय त्याला तोंड लावत नाही, शेळीने लावलंच तर दूध कडू. असा पाहुणा, की स्वतः जेवतो, दुसऱ्याच्या पानात काही ठेवत नाही, आणि वर घरधन्याला खाज सोडतो.

मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी मॅट्रिक झालेली बाई आहे, तीही सायन्स घेऊन. गाजरगवताचा नियम साधा: फूल धरायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट. नुसतं कापलं तर ते राग धरून चौपट फुटतं. तुमच्या बंधूंच्या जुन्या मोज्यांचे मी हातमोजे केले, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या, नाकातोंडाला पंचा बांधला आणि रोज सकाळी चाळीस पावलं लांबीची पट्टी उपटायला घेतली. शेजारची शिंपीणबाई मला त्या वेशात पाहून म्हणाली, "बाई, दरोडा घालायला निघालात की काय?" मी म्हटलं, "दरोडा पडून गेलाय, मी जमीन परत आणायला चाललेय." महिनाभर हे चाललं. फक्त एकच अडचण होती, की शेवटची पट्टी उपटून होईपर्यंत पहिली पट्टी पुन्हा वीतभर वर आलेली असे. पण ती अडचण गवताची होती, माझ्या पद्धतीत दोष नव्हता.

अशात मला माझ्या भाचीच्या बाळंतपणाला आठ दिवस जावं लागलं. (मुलगी झाली, नाक आमच्याकडचं आहे, पण पुढे सुधारेल.) परत येऊन महिनाभर बांधाकडचंच उपटत होते; मग एक दिवस पाहते तो विहिरीकडच्या पट्टीत गाजरगवताच्या पानांवर भुंगे. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे, पांढुरके, पाठीवर काळसर वाकड्यातिकड्या रेघा, जणू कोणी टाक झाडून पाहिलाय. पानं खातायत. आता एखादी अडाणी बाई म्हणाली असती, वा, बरं झालं, गवत खातायत. मी तसं म्हटलं नाही. मी पुढचा विचार केला. गवत संपल्यावर हे कुठे जेवणार? पट्टीला लागूनच माझी वांगी आणि भेंडी. ओटीवर बसलेला पाहुणा पहिल्या दिवशी पाणी मागतो, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काय शिजतंय ते डोकावून बघतो, हे सांगायला सायन्स लागत नाही. पुढचं ताट माझंच होतं.

त्याच पट्टीच्या तोंडाशी एक चांगला जाड पत्रा दोन काठ्यांसकट वाऱ्याने आडवा होऊन चिखलात पडला होता. पत्रा नवाकोरा. मी तो उचलला, घरी आणला, धुतला आणि न्हाणीघराबाहेरच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला. गेली दोन वर्षं त्या पिंपाला झाकण नव्हतं, डास होत होते. पत्र्याच्या एका अंगाला काहीतरी लिहिलेलं होतं आणि वर भुंग्याचं मोठं चित्र होतं. ते मी वाचलं नाही. किड्याचं चित्र म्हणजे कीटकनाशकाची जाहिरात, आणि जाहिराती मी मुद्दाम वाचत नाही. वाचल्या की घ्यावंसं वाटतं. लिहिलेलं अंग मी पाण्याकडे केलं, म्हणजे घर नीटनेटकं दिसेल.

आता भुंग्यांचं काय करायचं? औषध फवारायचं तर औषध विकत आणावं लागतं, आणि जीव मारायचा नाही हे तर माझं लहानपणापासूनचं व्रतच आहे. (ढेकणांच्या वेळची गोष्ट तुम्ही काढाल. ते उन्हाने मेले. मी फक्त गादी उन्हात टाकली होती.) म्हणून मी ठरवलं, एकेक भुंगा हाताने वेचायचा आणि दूर नेऊन सोडायचा. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, पान हलवलं की डब्यात पडतात. वेचता वेचता मी नामस्मरण सुरू केलं. एका भुंग्यामागे एक नाम. त्यामुळे दोन्ही कामं एका वेळेत झाली आणि मोजणीही चुकली नाही, कारण नाम मी चुकवत नाही. पहिल्या दिवशी दोनशे एकतीस. घरी आल्यावर वहीत तारीख घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी चारशेच्या वर. अकरा सकाळींत मिळून तीन हजार आठशे बारा. पानाखालच्या अळ्यासुद्धा वेचल्या, त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात आहे. पोहोचवायला जाईपर्यंत मी त्यांना जाळी लावलेल्या डब्यांत ठेवलं आणि दोन वेळा ताजं गाजरगवत खायला घातलं. आपल्या घरी आलेला जीव उपाशी निघून गेला असं कोणी म्हणायला नको.

मग ते डबे पिशवीत घालून मी बसने दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवरच्या डब्यांकडे तीनदा पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "डब्यात काय खास?" त्या दिवशी माझं मौन नव्हतं, खोटं तर मी बोलत नाहीच. मी म्हटलं, "पाहुणे आहेत." त्यांनी हसून वरच्या डब्याचं झाकण जरा किलकिलं केलं. वन्सं, इतका मोठा देह खिडकीकडून दाराकडे इतक्या चपळाईने गेलेला मी पाहिला नव्हता. सतरा भुंगे बसमध्ये सांडले. पंधरा मी परत वेचले, एक तिकीटवाल्याच्या कॉलरवर बसून पुढच्या थांब्याला उतरून गेला, आणि एकाचा पत्ता लागला नाही. वहीत तशी नोंद आहे. बाकीचे सगळे मी एका पडीक जागी, भरपूर गाजरगवत असलेल्या, कोणाचं फारसं नुकसान होणार नाही अशा ठिकाणी सुखरूप सोडले. जागा मी विचार करूनच निवडली होती.

यानंतर पाच दिवसांनी ती आली. "ती" म्हणजे तणनियंत्रण कार्यालयातली मुलगी, जिला सगळे भुंगेताई म्हणतात, (का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं). तिशीच्या आतली, पायात चिखलाचे बूट, गळ्यात भिंग. ती हसत हसत विहिरीकडे गेली आणि अर्ध्या तासाने परत आली तेव्हा हसत नव्हती. हात धुवायला म्हणून तिने पिंपावरचा पत्रा उचलला, उलटा केला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग अगदी हळू म्हणाली, "काकू, हा फलक..." मी म्हटलं, "फलक कसला, झाकण आहे ते." तिने मला तो वाचायला दिला. लिहिलं होतं: या ठिकाणी गाजरगवत खाणारे मित्रभुंगे सोडले आहेत. कृपया त्यांना हात लावू नये. "हात लावू नये" हे मोठ्या अक्षरांत होतं, ते मी मान्य करते. पण ते पाण्याच्या बाजूला होतं.

तर झालं होतं असं, की मी भाचीकडे असताना या मुलीने येऊन तुमच्या बंधूंची सही घेऊन आमच्या पट्टीत एक हजार भुंगे सोडले होते. हे मला सांगितलं होतं असं तुमचे बंधू म्हणतात. बोलले असतीलही, पण वर्तमानपत्राच्या आतून. मी घरात असताना ते वर्तमानपत्राशी जे बोलतात ते मी आपल्याला धरत नाही. "अगं, मी दोनदा सांगितलं तुला," ते भुंगेताईसमोर म्हणाले. "कधी?" "तू भेंडी चिरत होतीस तेव्हा." "मी काय म्हटलं मग?" "हं म्हणालीस." वन्सं, एकतीस वर्षांच्या संसारात ज्या पुरुषाला माझ्या "हं" चा अर्थ कळला नाही, त्याने शेतात काय सोडलंय ते लेखी द्यायला नको का?

भुंगेताईने मला समजावून सांगितलं की हे भुंगे गाजरगवताशिवाय काही खात नाहीत. उपाशी मरतील, पण वांग्याच्या पानाला तोंड लावणार नाहीत. (इतका नेमाने राहणारा जीव मी आपल्या दोन्ही घरांत पाहिला नाही.) हाताने उपटून गायरान आणि जंगलाची हद्द कधीच साफ होणार नाही, तिथे हेच कामाचे. पुढच्या मंगळवारी तिचे मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. भुंगे जगले, वाढले असं दिसलं तर सगळ्या ओढ्याकाठी ते सोडले जातील. दिसले नाहीत तर योजना बंद, गायरानावर टँकरने तणनाशक मारणार, दोन महिने तिथे गुरं न्यायची नाहीत. आपल्या दोन गायी आहेत हे सोडा, खालच्या वस्तीतल्या लोकांच्या चाळीस शेळ्या त्याच गायरानावर जगतात. आणि या मुलीची नेमणूक वर्षाच्या कराराची. योजना नाही तर भुंगेताई नाही. हे शेवटचं तिने सांगितलं नाही, तिच्याबरोबर आलेल्या ड्रायव्हरने सांगितलं, ती पुन्हा एकदा पट्टीत शोधायला गेली तेव्हा. तिला दोन भुंगे सापडले. त्यातला एक मेलेला होता. मी काम अर्धवट सोडत नाही, हा माझा गुण त्या दिवशी मला पहिल्यांदा जड गेला.

मी वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उघडली, रकाने पाहिले, रोजचा आकडा, अळ्या निराळ्या, ढगाळ दिवसापुढे फुली, आणि तिचे डोळे भरून आले. "काकू, हजाराचे दीड महिन्यात तीन हजार आठशे झाले! इतकी चोख मोजणी आमच्या ऑफिसातही कोणी ठेवत नाही." मी म्हटलं, "नामाची मोजणी आहे, कच्ची कशी असेल?" ती हसली आणि त्याच तोंडाने रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही मारले का हो ते?" "मी? मारीन कशी?" तिच्या जिवात जीव आला. "मग आहेत कुठे?"

इथे मला ठसका लागला. खरा ठसका होता, दहा मिनिटं टिकला. तुमच्या बंधूंनी पाठ थोपटली, ड्रायव्हरने गूळ मागितला (मला द्यायला म्हणून; खाल्ला त्याने). ठसका संपला तरी प्रश्न तिथेच उभा होता. शेवटी मी सरळ ताठ बसून सांगितलं, "सुखरूप आहेत, पोटभर जेवतायत, आणि मंगळवारच्या आत त्यांना परत आणून द्यायची जबाबदारी माझी." जागा सांगितली नाही. शब्द दिला, आणि मी दिलेला शब्द म्हणजे काय हे तुमच्या घराण्याला माहीत आहे. तिनेही तो विश्वासाने घेतला, जाताना पाया पडली. पाया पडणाऱ्या माणसाला फसवणं मला जमत नाही, हीच माझ्या स्वभावातली खोट आहे.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. फलक पुन्हा जागेवर लावला आहे, या वेळी काठ्या हातभर खोल पुरल्या आहेत. पिंपावर जुनं ताट ठेवलं आहे. तुमचे बंधू हल्ली मला काही सांगायचं असलं की वर्तमानपत्र घडी घालून मग बोलतात, एवढी सुधारणा झाली. तणाचा बंदोबस्त कसा करावा यावर मला आता बरंच कळतं, कधी निवांत याल तेव्हा सांगेन. भावोजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा. लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर वयाने मोठ्या आहात, पोटात घाला.

तुमची भावजय

ता. क. भुंगे तुमच्याकडे आहेत. विहिरीमागच्या तुमच्या पडीकात. मागच्या महिन्यात मी दोनदा "सहज आले" म्हणून आले होते ना, ते काही सहज नव्हतं. काल तुमचं पत्र मिळालं, त्यात तुम्ही लिहिलंय की पडीकात रेघांचे किडे माजलेत, गाजरगवताच्या नुसत्या काड्या राहिल्यात, आता ते वांग्यांवर येणार म्हणून शुक्रवारी फवारणीवाल्याला बोलावलंय. वन्सं, तुमच्या पाया पडते, त्या माणसाला थांबवा. आज बुधवार आहे. आगाऊ काही दिलं असेल तर ते मी देईन. (हे वाक्य मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे, यावरून प्रसंग ओळखा.) तुमचे बंधू मघाशी म्हणाले की फवारणी थांबवायची ओळ पत्रात सगळ्यांत वर लिहायला हवी होती. पण नमस्काराच्या आधी काम सांगणं बरं दिसत नाही. पत्र दुपारच्या बसने शिंपीणबाई घेऊन येतेय. ती दारात उभी राहील, तिला हो की नाही एवढं तोंडी सांगा.

ता. क. २. रविवारी सकाळी मी डबे आणि भुंगेताईला घेऊन येते. निम्मे भुंगे आम्ही नेऊ, निम्मे तुमच्याकडेच राहू द्या. तुमचं पडीक साफ होतंच आहे, पुढे ओढ्याचा काठही होईल. ते तुमच्याकडे कसे आले असं तिने विचारलं तर खोटं बोलू नका, ते पाप माझ्या माथी नको. फक्त, विचारल्याशिवाय आपण होऊन सांगू नका.

ता. क. ३. हे भावोजींना वाचून दाखवू नका. मी डबे तुमच्या पडीकात उपडे केले तेव्हा ते फक्त गाजरगवत खातात हे मला ठाऊक नव्हतं. आधी पडीक संपवतील, मग वांग्यांवर जातील, अशीच माझी समजूत होती. तुमची वांगी तिथून साठ पावलांवर आहेत, मी मोजली होती. मागे तुम्ही चार माणसांत माझी वांगी हातात घेऊन "औषधाला बरी आहेत" म्हणालात आणि सगळे हसले, ते मला तेव्हा आठवत होतं. त्यातून तुमचं रान साफ झालं ही देवाची करणी, माझी नव्हे. देवाला मी हे सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो काही बोलला नाही. तुम्ही बोलाल, म्हणून शेवटी ठेवलं.